श्रवण आणि कृती : आज्ञावलीलेखनाच्या अध्यापनासंबंधी चार लेखनकृतींचा विचार

१

विद्या ऐकून येते की करून येते, हा अध्यापनशास्त्रातील जुना वाद आहे. वैद्यक, स्थापत्य, संगीत ह्या विद्यांनी आपापल्या परीने त्याचा निकाल लावून घेतला आहे. शवविच्छेदनावाचून वैद्य होत नाही आणि रियाजावाचून गवई होत नाही, हे तेथे कोणी नाकारीत नाही. संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याची विद्या वयाने लहान असल्यामुळे तिच्या क्षेत्रात हा वाद अद्याप मिटलेला नाही. विद्यार्थ्यास यंत्रापुढे बसवावे, त्याला चुका करू द्याव्यात आणि व्याख्यानाचा वेळ वाचवावा, असे एक पक्ष मानतो. दुसऱ्या पक्षाच्या मते आज्ञावली ही मूलतः विचाराची रचना असल्याने तत्त्वबोध आधी झाला पाहिजे. तो झाला म्हणजे यंत्रावरील काम आपोआप साधते.

वरवर पाहता हा वाद केवळ अध्यापनपद्धतीचा वाटतो. परंतु आज्ञावली जाणणे म्हणजे नेमके काय जाणणे, ह्या प्रश्नाचे एकेक उत्तर दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले असते आणि ते क्वचितच तपासले जाते. ते तपासण्यासाठी येथे चार लेखनकृती विचारात घेतल्या आहेत. त्यांपैकी दोन पाठ्यग्रंथ आहेत व दोन निबंध आहेत. चौघांचेही लेखक स्वतः मोठे आज्ञावलीकार होते, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कृतींचा क्रम कालानुसार न लावता विचाराच्या ओघानुसार लावला आहे.

२

ब्रायन कर्निघन व डेनिस रिची ह्यांचा ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघेही अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करीत; रिची हे तर सी भाषेचे जनकच. ग्रंथाचे पहिले प्रकरण व्याख्या सांगत बसत नाही. वाचकाने एक चिमुकली आज्ञावली लिहून ती यंत्रावर चालवावी, असे ते आरंभीच सांगते. ‘हॅलो, वर्ल्ड’ एवढे दोन शब्द उमटविणे हेच तिचे कार्य. मजकूर कोठे लिहावयाचा, कंपायलरकडून तो यंत्रभाषेत कसा उतरवून घ्यावयाचा, फल कोठे पाहावयाचे, ह्या यांत्रिक अडचणी प्रथम दूर व्हाव्यात हा त्यातील हेतू आहे. ही प्रथा इतकी रूढ झाली की त्यानंतरच्या असंख्य भाषांच्या पाठ्यपुस्तकांनी ह्याच दोन शब्दांनी श्रीगणेशा केला.

तथापि ग्रंथाचे खरे अध्यापनकौशल्य त्याच्या पुढील पृष्ठांत आहे. फॅरनहाइट व सेल्सिअस तापमानांचे एक कोष्टक छापण्याची आज्ञावली तेथे दिली आहे, आणि तेच कोष्टक पुन्हा पुन्हा लिहिले आहे : प्रथम पूर्णांकांत, मग अपूर्णांकांसह, त्यानंतर निराळ्या प्रकारच्या आवर्तनाने, आणि शेवटी स्थिरांकांना नावे देऊन. प्रश्न तोच राहतो आणि रचना बदलत जाते. त्यामुळे प्रत्येक नवे साधन कशासाठी आहे, हे वाचकाला त्या साधनाच्या अभावात आधी जाणवलेले असते. येथे कृती आधी येते आणि तिच्या पाठोपाठ नेमके विवेचन येते. ग्रंथातील गद्य हे एका दृष्टीने उत्तम व्याख्यानच होय. मात्र ते ऐकण्यापूर्वी वाचकाचे हात कामाला लागलेले असतात.

ह्या ग्रंथाचा दाखला देऊन ‘केवळ करून शिकावे’ असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. चल, मूल्यनियोजन, आवर्तन, फलन ह्या मूलभूत कल्पना वाचकास परिचित आहेत असे ग्रंथकर्त्यांनी प्रस्तावनेतच गृहीत धरले आहे. हा ग्रंथ आज्ञावलीलेखनाची बाराखडी शिकविण्यासाठी लिहिलेला नाही. अगदी नवख्या विद्यार्थ्याच्या हाती तो दिला तर कृती होते, पण तिचा अर्थ लागत नाही. विद्यार्थी मजकूर उतरवून काढतो आणि फल उमटले म्हणजे आपल्याला विद्या आली असे समजतो. करून शिकण्याच्या पक्षाचा हा सर्वांत मान्यवर ग्रंथ आधी कोणीतरी काही शिकविले आहे ह्या गृहीतावर उभा आहे.

३

दुसऱ्या टोकाची भूमिका एड्सगर डाइक्स्ट्रा ह्यांनी जितक्या निर्भीडपणे मांडली तितकी अन्य कोणी मांडली नसेल. संगणनशास्त्र खरोखर शिकविण्यातील क्रौर्याविषयीचा त्यांचा निबंध डिसेंबर १९८८ चा आहे. पुढल्या वर्षी तो अमेरिकेतील संगणनविषयक संस्थेच्या मासिकात अन्य विद्वानांच्या उत्तरांसह छापला गेला. संगणक ही मानवी अनुभवाला सर्वस्वी नवी वस्तू आहे; जुन्या परिचित वस्तूंच्या उपमांनी ती शिकविणे म्हणजे विद्यार्थ्याची दिशाभूल करणे होय; आज्ञावली हे एक सूत्र मानून तिची यथार्थता गणिती रीतीने सिद्ध करावयास शिकविले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यातील सर्वांत धक्कादायक सूचना ही की प्रास्ताविक अभ्यासक्रमाची भाषा मुद्दाम अशी निवडावी की जी विद्यापीठाच्या कोणत्याही यंत्रावर चालणारच नाही. त्यामुळे आज्ञावली चालवून पाहण्याचा मोह विद्यार्थ्यास होणार नाही.

ह्या सूचनेस चमत्कारिक म्हणून सोडून देता येत नाही. तिच्यामागील युक्तिवाद भक्कम आहे. द्विमान पद्धतीतील ३२ अंकी दोन संख्यांचा गुणाकार करणारी आज्ञावली घेतली, तर तिच्यापुढे येऊ शकणाऱ्या जोड्यांची संख्या २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ ह्या आकड्यापुढे १८ शून्ये ह्याहूनही किंचित अधिक भरते. दर सेकंदास दहा लाख जोड्या तपासल्या तरी सर्व तपासून होण्यास ५ लाख ८० हजारांवर वर्षे लागतील. एवढ्या साध्या क्रियेची ही स्थिती असेल, तर ‘चालवून पाहिली, बरोबर उत्तर आले’ ह्या वाक्याला पुरावा म्हणून फारशी किंमत उरत नाही. चाचणीने दोषाचे अस्तित्व दिसते, अभाव सिद्ध होत नाही, हे डाइक्स्ट्रांचे मत ह्याच गणितावर आधारलेले आहे.

असे असले तरी निबंधात एक महत्त्वाची गोष्ट अनुल्लेखित राहिली आहे. डाइक्स्ट्रा स्वतः १९५१ मध्ये केंब्रिज येथे तीन आठवड्यांच्या अभ्यासवर्गात ही विद्या शिकले. त्यानंतर ॲम्स्टरडॅम येथे प्रत्यक्ष यंत्रांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे आज्ञावली लिहिल्या. १९६० मध्ये याप झोनेव्हेल्ड ह्यांच्यासमवेत ‘अल्गॉल ६०’ ह्या भाषेचा कंपायलर रचला. पुढे आइंडहोव्हन येथे यंत्राचे एकंदर कार्य चालविणारी प्रणाली उभारली. यंत्रापासून दूर राहण्याचा उपदेश करणाऱ्याचे हात अनेक वर्षे यंत्राच्या सहवासात घडले होते. सिद्धीचा आग्रह हे त्या सहवासाचे फळ होते. ते फळ वृक्षावाचून विद्यार्थ्याच्या हाती ठेवता येईल, हे निबंधात कोठेही दाखविलेले नाही.

सिद्धीची मर्यादा एका प्रसिद्ध उदाहरणाने स्पष्ट होते. क्रमवार रचलेल्या यादीतील मधला घटक पाहून दरवेळी अर्धी यादी बाद करीत शोध घेण्याची रीत सर्वपरिचित आहे. जॉन बेंटली ह्यांनी व्यावसायिक आज्ञावलीकारांना ती लिहावयास दिली तेव्हा सुमारे ९० टक्के लोकांच्या आज्ञावलींत दोष निघाले, असे त्यांच्या १९८६ मधील ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ ह्या ग्रंथात नमूद आहे. ह्यावरून डाइक्स्ट्रांचीच बाजू बळकट होते. बेंटलींनी स्वतः त्या आज्ञावलीची यथार्थता युक्तीने सिद्ध करून दाखविली. पण २००६ मध्ये जोशुआ ब्लॉख ह्यांनी दाखवून दिले की त्याच रचनेवरून घेतलेली जावा भाषेच्या संग्रहातील आज्ञावली, यादी शंभर कोटींहून मोठी झाली म्हणजे फसते. मध्य काढण्यासाठी दोन स्थानांकांची बेरीज करावी लागते, आणि ती यंत्राच्या पूर्णांकात मावेनाशी होते. कागदावरील पूर्णांक अमर्याद असतात, यंत्रातील नसतात. चाचणी करणाऱ्यांच्या नजरेतून हा दोष वर्षानुवर्षे निसटला, आणि सिद्धी करणाऱ्याच्याही नजरेतून निसटला. दोन्ही पक्षांनी ह्यापासून सारखाच बोध घ्यावा असे हे उदाहरण आहे.

४

हॅरॉल्ड एबलसन व जेराल्ड ससमन ह्यांनी ज्यूली ससमन ह्यांच्या साहाय्याने लिहिलेला ‘स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्यूटर प्रोग्रॅम्स’ हा ग्रंथ १९८५ चा. एमआयटी ह्या अमेरिकन संस्थेतील प्रास्ताविक अभ्यासक्रमातून तो सिद्ध झाला. ह्या ग्रंथाने दोन्ही टोकांमधील मार्ग शोधला आहे. त्यासाठी निवडलेली स्कीम ही भाषा इतकी अल्पनियमी आहे की तिचे व्याकरण शिकविण्यात फारसा वेळ जात नाही, आणि विवेचनास मोकळीक मिळते. ग्रंथात तीनशेहून अधिक स्वाध्याय आहेत. पुष्कळ ठिकाणी पुढील विवेचन त्या स्वाध्यायांवर अवलंबून आहे, त्यामुळे ते टाळून वाचणाऱ्यास ग्रंथ खऱ्या अर्थाने वाचताच येत नाही.

त्याच्या रीतीचा उत्तम नमुना तिसऱ्या प्रकरणात सापडतो. पहिली दोन प्रकरणे चलाचे मूल्य बदलण्याची सोय विद्यार्थ्यास मुळी दिलेलीच नाही. तोपर्यंत एकच आज्ञा दिली की एकच उत्तर, ह्या समजुतीवर त्याची मनोरचना पक्की होते. मग १०० शिल्लक असलेले एक बँकेचे खाते येते. त्यातून २५ काढण्याची आज्ञा दिली की उत्तर ७५ मिळते. तीच आज्ञा पुन्हा दिली की ५०. आज्ञा तीच असून उत्तर निराळे! आतापर्यंतची समजूत विद्यार्थ्याच्या डोळ्यांदेखत कोसळते, आणि त्या क्षणी ग्रंथकर्ते काळ, अवस्था व बदल ह्यांविषयीचे आपले गंभीर विवेचन सुरू करतात. हेच विवेचन पहिल्या पृष्ठावर केले असते तर ते कोरडे वाटले असते. विवेचनाची आवश्यकता विद्यार्थ्यास भासेल अशी परिस्थिती आधी निर्माण करणे, हे ह्या ग्रंथाचे मर्म होय.

दोष ह्याही ग्रंथात आहेत. त्यातील उदाहरणे कलनशास्त्र, विद्युत्मंडले अशा विषयांतून घेतलेली असल्याने ती तयारी नसलेला विद्यार्थी आज्ञावलीत न अडखळता उदाहरणातच अडखळतो. आज्ञावली पायरीपायरीने कशी घडवावी हे ग्रंथ दाखवितो, पण सांगत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी मथायस फेलायसन व त्यांचे सहकारी ह्यांनी २००१ मध्ये ‘हाऊ टु डिझाइन प्रोग्रॅम्स’ हा ग्रंथ लिहिला. शिवाय १९८६ मध्ये एबलसन व ससमन ह्यांनी एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांपुढे दिलेली व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित होऊन सर्वत्र पसरली. ती इतकी प्रसन्न आहेत की ती पाहणाऱ्याला सर्व समजल्यासारखे वाटते. ह्या ‘वाटण्या’चा विचार पुढे करावयाचा आहे.

५

डेन्मार्कचे संगणनशास्त्रज्ञ पेटर नाऊर ह्यांचा आज्ञावलीलेखन म्हणजे सिद्धान्तरचना असे प्रतिपादणारा १९८५ मधील निबंध ह्या वादाच्या मुळाशी जातो. त्यांनी दिलेले एक उदाहरण मार्मिक आहे. एका गटाने एक कंपायलर रचला. दुसऱ्या गटाला त्यात भर घालावयाची होती. त्याला संपूर्ण मजकूर, त्यावरील टिपा, रचनेविषयीची चर्चा आणि मूळ गटाचा सल्ला, हे सर्व मिळाले होते. तरीही दुसऱ्या गटाने सुचविलेल्या सुधारणा मूळ रचनेचे सामर्थ्य न ओळखता तिला बाहेरून ठिगळे लावणाऱ्या ठरल्या. मूळ गटाला हे तत्काळ दिसले आणि रचनेत सहज बसणारे उपायही सुचले. पुढे मूळ गटाचा संबंध संपल्यावर ती रचना हळूहळू बिघडत गेली.

नाऊर ह्यांचा निष्कर्ष असा की आज्ञावलीचे ज्ञान तिच्या मजकुरात नसते आणि तिच्यासंबंधीच्या कागदपत्रांतही नसते. ते ती रचणाऱ्यांच्या मनात सिद्धान्तरूपाने असते. ‘सिद्धान्त’ हा शब्द त्यांनी तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल ह्यांच्या १९४९ मधील ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ ह्या ग्रंथातील अर्थाने वापरला आहे. ज्याच्याजवळ सिद्धान्त आहे तो काम करू शकतो. शिवाय ते तसे का केले हे सांगू शकतो, शंकांना उत्तरे देऊ शकतो, आणि परिस्थिती बदलल्यास कोणता बदल योग्य व कोणता अयोग्य हे ओळखू शकतो. असे ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा मार्ग म्हणजे जाणणाऱ्याच्या निकट सान्निध्यात राहून काम करणे. नाऊर ह्यांनी त्याची तुलना लेखनकला वा वाद्यवादन शिकण्याशी केली आहे. मराठी वाचकास येथे गुरूसमोर बसून घेतलेली तालीम आठवल्यावाचून राहणार नाही. गुरू तेथे व्याख्यान देत नाही आणि शिष्याला एकटेही सोडत नाही. शिष्य गातो, चुकतो, गुरू त्याच जागी थांबवितो आणि जागा कशी घ्यावयाची ते दाखवितो. त्या थांबविण्यातच सारे अध्यापन असते.

नाऊर ह्यांच्या निबंधाने वादाची मांडणीच बदलते. व्याख्यान की प्रात्यक्षिक हा प्रश्न दुय्यम ठरतो. विद्यार्थ्याच्या मनात सिद्धान्त बांधला जातो की नाही, हा मुख्य प्रश्न होतो. एकट्याने केलेली कृती आणि एकतर्फी व्याख्यान ह्या दोहोंतही प्रत्युत्तर मिळत नाही. नाऊर ह्यांच्या विवेचनाची उणीव इतकीच की साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात असे सान्निध्य कसे साधावे, हे त्यांत नाही. त्यांच्या नजरेसमोर वर्ग नव्हता, व्यावसायिकांचा गट होता.

६

पुढील काळातील प्रायोगिक संशोधन ह्या निष्कर्षाला पोषकच आहे. स्कॉट फ्रीमन व सहकारी ह्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणित ह्या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित विचार केला. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांकडून वर्गात काम करून घेणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. ह्याउलट पॉल किर्शनर, जॉन स्वेलर व रिचर्ड क्लार्क ह्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की नवशिक्याला मार्गदर्शनावाचून शोध घेत सोडणे अपायकारक आहे. त्याच्या स्मरणावर एकाच वेळी फार भार पडतो. त्याला प्रथम पूर्ण सोडविलेली उदाहरणे अभ्यासावयास देणे अधिक फलदायी ठरते.

ह्या दोन निष्कर्षांत विरोध आहे असा समज रूढ असला तरी तो टिकणारा नाही. फ्रीमन ह्यांच्या अभ्यासांतील कृती शिक्षकाच्या देखरेखीखालील होती. किर्शनर ह्यांचा आक्षेप देखरेखीवाचूनच्या कृतीवर आहे. दोघांनीही दोष दिला तो एकाकीपणालाच. २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर झालेला प्रयोग येथे उद्बोधक आहे. काम करून शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. ओघवत्या व्याख्यानाच्या श्रोत्यांना ह्याच्या उलट वाटले. समजल्याची भावना आणि समज ह्या निराळ्या गोष्टी आहेत. अभ्यासक्रमाचे मूल्यमापन केवळ विद्यार्थ्यांच्या समाधानावरून करणाऱ्यांनी हे विसरू नये.

७

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाकडे लक्ष गेलेलेच नाही असे नाही. मुंबईच्या आयआयटीतील अभिराम रानडे ह्यांच्या सी++ वरील पाठ्यग्रंथात पहिल्याच प्रकरणी विद्यार्थी पडद्यावरील एका कासवाला चालवून चौरस काढतो, आणि चल म्हणजे काय हे शिकण्यापूर्वीच आवर्तनाचा उपयोग करू लागतो. चूक झाली तर आकृती वाकडी होते. चूक डोळ्यांना दिसते आणि तिच्याविषयी शिक्षकाशी बोलता येते. त्याच संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकावयास मिळतात. पाठ चालू असताना विद्यार्थ्याने शेजारीच तेच काम करीत जावे, अशी त्यांची रीत आहे. सी व सी++ च्या पाठांत सहज होणाऱ्या चुका मुद्दाम करून दाखविल्या जातात, हे विशेष. तथापि विद्यार्थ्याने स्वतः केलेली, पाठकर्त्याला न सुचलेली चूक तेथे कोणी थांबवून दाखवू शकत नाही. ही त्या साधनाची स्वाभाविक मर्यादा आहे, दोष नव्हे.

परंतु ह्या प्रयत्नांवर पाणी पाडणारी एक व्यवस्था विद्यापीठांतून अजून रूढ आहे, ती परीक्षेची. आज्ञावली उत्तरपत्रिकेवर हाताने लिहून काढावयाची. प्रात्यक्षिकांच्या वहीत ठरावीक आज्ञावलींच्या प्रती उतरवावयाच्या. बहिःस्थ परीक्षकापुढे त्यांतीलच एखादी चालवून दाखवावयाची. ह्या व्यवस्थेत व्याख्यानाच्या पक्षाला तत्त्वबोध मिळत नाही आणि प्रात्यक्षिकाच्या पक्षाला कृती मिळत नाही. दोघांच्या वाट्याला घोकंपट्टी येते. कागदावर आज्ञावली लिहिणे वाईट नव्हे. डाइक्स्ट्रांना तेच हवे होते. पण त्यांना तिच्याबरोबर तिची सिद्धी हवी होती. सिद्धीही नाही आणि यंत्रही नाही, असा कागद दोन्ही परंपरांना अपरिचित आहे.

मागणीनुसार आज्ञावली लिहून देणारी यंत्रे २०२१-२२ पासून सर्वांच्या हाती आल्यापासून हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. वहीतील बहुतेक स्वाध्याय ही यंत्रे क्षणात सोडवितात. केवळ फल दाखविणे म्हणजे कृती, असे मानीत राहिल्यास ती कृती विद्यार्थ्याची राहणार नाही. नाऊर ह्यांची कसोटी मात्र ह्या परिस्थितीतही अबाधित राहते : आज्ञावली कोणीही लिहिलेली असो, ती तशी का आहे हे सांगता येणे आणि तिच्यात योग्य बदल करता येणे, हे ज्याला साधते त्यालाच ती येते.

८

चारही कृतींचा एकत्र विचार केला असता असे दिसते की त्यांपैकी एकही कृती शुद्ध व्याख्यानाची वा शुद्ध प्रात्यक्षिकाची बाजू खऱ्या अर्थाने घेत नाही. कर्निघन व रिची पूर्वशिक्षण गृहीत धरतात. डाइक्स्ट्रा पूर्वानुभव अनुल्लेखित ठेवतात. एबलसन व ससमन दोहोंची सांगड घालतात. नाऊर त्या सांगडीचे प्रयोजन सांगतात. व्याख्यान आवश्यक आहे, पण त्याचे स्थान विद्यार्थ्याची समजूत अडखळल्यानंतरचे आहे. कृतीही आवश्यक आहे, पण ती अडखळेल तेथे थांबवून दाखविणारा कोणीतरी जवळ असेल तरच.

विभागांनी ह्यातून घ्यावयाचा धडा खर्चिक नाही. विद्यार्थ्याला दुसऱ्याने लिहिलेली, शे-दोनशे ओळींची अपरिचित आज्ञावली द्यावी. तिच्यात एक लहानसा बदल करावयास सांगावा. आणि तो बदल तेथेच का केला, अन्यत्र का नाही, ह्याविषयी शिक्षकाने त्याच्याशी दहा मिनिटे बोलावे. ह्या दहा मिनिटांना परीक्षेत स्थान मिळाले, तर वर्गातील व्याख्याने व प्रयोगशाळेतील तास आपोआप त्यांच्या अनुरोधाने बदलतील. ते मिळाले नाही, तर पद्धतीचे कितीही वाद घातले तरी पदवी घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी नाऊर ह्यांच्या उदाहरणातील दुसऱ्या गटासारखाच राहील : मजकूर सगळा हाती, आणि तो असा का आहे हे मात्र अज्ञात.